ओठातल्या टाचण्या

धाकटीनं शुक्रवारी दुपारी सांगितलं, "ताई, सोमवारपासून मी दुसऱ्या दुकानात जाते," आणि पुन्हा मशीनवर वाकली. जणू दोरा संपलाय म्हणून सांगावं! अहो, पडद्यांचं दुकान आम्हा दोघी बहिणींचं. मी कापणार, ती शिवणार. माझं काम एक घाव दोन तुकडे, तिचं आपलं शांतपणे, टाक्यामागे टाका. इतकी वर्षं छान चाललं होतं, निदान मला तरी तसं वाटत होतं.

"का गं? काही कमी पडलं? माझं काही चुकलं? नाही ना? मग झालं तर!"

ती मशीन चालवतच राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आल्या आल्या लेकीपुढे सगळी भडास काढली. ती एका कंपनीत माणसांच्या स्वभावांवर शिबिरं घेते. शांतपणे ऐकून म्हणाली, "आई, काही माणसं बोलता बोलता विचार करतात. काहींचा आधी विचार होतो, मग ती बोलतात. तू पहिल्यातली, मावशी दुसऱ्यातली."

"डोंबल! माणसं काय कापडाचे तागे आहेत, सुती इकडे न् रेशमी तिकडे लावायला?"

"बरं, नसतील. समज, मीच मावशी आहे. विचार मला, का चाललीस."

"का चाललीस? ते दुकान मोठं आहे म्हणूनच ना?"

"बघ! प्रश्न तुझा, उत्तरही तुझंच. मावशीनं मध्ये शिरायचं कुठून?"

नाकाला मिरच्या झोंबल्या. पण भांडी घासताना आमचं दुकानातलं बोलणं आठवायला लागलं. 'चहा घेतेस? नको? बरं.' 'हा रंग चालेल ना? चालेल.' दोन्हीकडून मीच! आधी हसू आलं, मग हसू आलं नाही.

शनिवारी ठरवून गेले, आज विचारायचं आणि गप्प बसायचं. पण जित्याची खोड! "धाकटे, खरं सांग, रागावलीस माझ्यावर? रागावलीच असशील." झालं! कपाळावर हात मारून घेतला.

एक लांब पडदा दांडीवर चढवला होता. ती स्टुलावर उभी राहून वरच्या चुण्या सारख्या करत होती, मी खाली बसून काठाची दुमड टाचत होते. टाचण्या नेहमीसारख्या ओठात धरल्या होत्या. तोंड उघडलं असतं तर एखादी घशात गेली असती.

बऱ्याच वेळानं वरून आवाज आला. "रागावले नाहीये."

म्हणजे ही अजून माझ्या प्रश्नाचाच विचार करत होती! 'मग झालंय काय?' असं अगदी ओठांवर आलं, पण ओठांवर टाचण्या होत्या.

"त्या दुकानाच्या मालकीणबाई काही विचारलं की थांबतात," ती म्हणाली. "पहिल्यांदा मला वाटलं, त्यांना ऐकू कमी येतं."

हसू दाबताना टाचण्या पडता पडता राहिल्या. एकेक लावत गेले, ती थांबत थांबत बोलत गेली. शेवटची उरली, ती मी लावलीच नाही. तशीच ओठात धरून ठेवली.

"आई गेली तेव्हा तू मला विचारलंस, 'कशी आहेस? सावरलीस ना? सावरलीस.' मी सावरले नव्हते गं ताई. पण तू इतकं ठासून म्हणालीस, की मला वाटलं, आता सावरायलाच हवं."

मी ओठातली टाचणी काढली. सांगायला खूप होतं. मीही रडत होते, घर कुणीतरी सांभाळायचं होतं, तुला कळायला नको होतं म्हणून तसं बोलले. सगळं गिळलं.

"कशी आहेस?" मी विचारलं आणि थांबले.

बाप रे, काय कठीण असतं ते! पंखा फिरतोय, रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवतंय आणि ही पडद्याकडे बघत उभी. जीभ नुसती वळवळत होती. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले.

मग ती स्टुलावरून उतरली, माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि बोलायला लागली. आईबद्दल, स्वतःबद्दल, मला ठाऊकच नसलेलं कितीतरी. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानंच 'नंतर या' म्हणून सांगितलं. दोघीही रडलो. खूप बरं वाटलं.

सोमवारचं मी विचारलं नाही. उठताना तिनंच सांगितलं, "त्या बाईंना नाही म्हणून कळवते. पण सोमवारी दुकान मी उघडीन. तू जरा उशिरा ये."

"बरं," मी म्हटलं. तेवढंच.