कंडेन्सर मुरेपर्यंत

प्रेमिलाचा भाऊ मस्कतहून सुटीवर आला आणि बहिणीला सीडी प्लेअर देऊन गेला. बिचाऱ्याला काय ठाऊक, की आपण तिच्या घरात सवत बसवून चाललो आहोत.

सत्याऐंशी साली नागपूरच्या महाल भागात असलं यंत्र दुसरं नव्हतं. गल्लीतली माणसं ती चकचकीत चकती बघायला येत आणि आपलं तोंड तिच्यात पाहून जात. दुसरा कोणी असता तर गाणी ऐकत बसला असता. पण तिचा नवरा कृष्णकांत पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा, आणि दुसऱ्याने पुरी केलेली कुठलीही वस्तू त्याला अर्धवटच वाटायची. कंपनीने आतला माल हलका घातला आहे, असं त्याने प्लेअर न उघडताच जाहीर केलं. मग उघडला. कंडेन्सर बदलले, आयसी बदलली, वायरी बदलल्या. दर बदलानंतर तो डोळे मिटून स्पीकरला कान लावी आणि आवाज ‘मोकळा’ झाल्याचं सांगे. चकत्या घरात दोनच. सतारीची गत सुरू व्हायच्या आत याच्या हातात पुन्हा पेचकस. एवढा तयार कान घेऊन जन्मलेला माणूस, पण एक चकती काही त्याने शेवटपर्यंत ऐकली नाही.

प्रेमिला गात असे. आकाशवाणीच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन ती तिसऱ्यांदा पास झाली होती आणि रविवारी सकाळी तिचं पहिलं गाणं लागणार होतं. लग्नानंतर इतकी वर्षं ती स्वयंपाकघरात गायली. नवऱ्याने कधी बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. हे एक गाणं त्याने बसून ऐकावं, एवढंच तिच्या मनात होतं. त्यासाठी ती देवाला नवस बोलायचीच काय ती राहिली होती.

अडचण रेडिओची होती. त्याचा ट्रान्सफॉर्मर काढून कृष्णकांतने प्लेअरला जोडला होता. रविवारच्या आत परत लावून देतो, असं तो म्हणाला. शनिवारी सीताबर्डीहून तो नवे कंडेन्सर घेऊन आला, तेव्हा तिने पुन्हा आठवण करून दिली.

"आता हात नाही लावता येत," तो म्हणाला. "नवे कंडेन्सर लोणच्यासारखे असतात वं. मुरू द्या लागतात. तवरक घरात मिक्सर नाही, पंखा नाही. लाइनीत खरखर येते."

मे महिना होता. नागपूरचा मे. प्रेमिलाने पदराने वारा घेत घेत पाट्यावर चटणी वाटली आणि स्वतःचीच समजूत घातली, की रेडिओ शेजारीही आहे. सकाळी ती त्याला सांगून भिंतीपलीकडच्या भागीरथाबाईंकडे गेली. तुम्हीही या, असं दोनदा म्हणाली. त्याने स्पीकरवरचा कान न काढता मान हलवली.

भागीरथाबाईंच्या खोलीत गल्लीतल्या बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीलाच भागीरथाबाईंनी तिचा हात धरला, पण प्रेमिलाचं सगळं लक्ष दाराकडे. दुसरं कडवं लागलं आणि कृष्णकांत खरोखरच दारात येऊन उभा राहिला. बनियनवर, कपाळावर घाम, मान एका बाजूला कलती. तो ऐकत होता. प्रेमिलाच्या पोटात आनंद मावेना. तिने सरकून त्याला बसायला जागा केली.

"भागीरथाबाई," तो म्हणाला, "रेडिओ जरा बंद करा न जी. आमच्या लाइनीत खरखर येऊन राहिली. अन् काहून ऐकता असलं? बाईचा आवाज पुरा नाकात आहे. कोण होय ही?"

बायांनी पदर तोंडाला लावले. भागीरथाबाई उठल्या आणि त्यांनी आवाज आणखी वाढवला.

"मी होय," प्रेमिला म्हणाली.

तो काहीतरी बोलायला गेला. पण तिने त्याला हातानेच गप्प केलं आणि रेडिओकडे तोंड फिरवलं. शेवटचं कडवं राहिलं होतं, आणि ते तिला ऐकायचं होतं.