पंचावन्न किलोच्या आत

नवा डिझेल ट्रक दारात उभा राहिला आणि घरातल्या दोन्ही बाप्यांचं डोकं फिरलं. सुनेचा नवरा काच पुसतोय, दीर टायरशी गप्पा मारतोय. सोबत आलेल्या पुस्तिकेला मात्र कुणी हात लावेना, कारण ती परक्या भाषेत होती आणि शाळेच्या वयात हे दोघे भाऊ गॅरेजात पडीक असत. ती भाषा अख्ख्या घरात एकट्या सुनेला यायची. तिच्या लग्नाला जेमतेम महिना झालेला.

"वाच," सासूबाई म्हणाल्या. अवजड यंत्रं ओढून पोचवायचा धंदा त्यांचा, ट्रक त्यांचा आणि घरात शेवटचा शब्दही त्यांचाच.

सून वाचू लागली. पहिले दीड हजार किलोमीटर मागे ट्रेलर जोडू नका. एकाच वेगाने रेटू नका. उभ्या गाडीचं इंजिन तासन्‌तास चालू ठेवू नका. इथवर सगळं खरं होतं. मग तिने पान उलटलं, घसा खाकरला आणि बेधडक थाप ठोकली, "या काळात गाडी एकाच माणसाने चालवावी. पाय हलका हवा. वजन पंचावन्न किलोच्या आत."

नवऱ्याने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. दिराचं तर विचारायलाच नको.

माहेरी ती वडिलांचा टेम्पो चालवायची. परवाना अजून पर्समध्ये होता. पण लग्न ठरतानाच नवऱ्याने बजावलं होतं, आमच्याकडे बायका गाडी चालवत नाहीत. तेव्हापासून बिचारी मनातून झुरत होती.

पुढचे अठरा दिवस तिने रिकामा ट्रक चढउतारांवरून, कधी हळू, कधी जरा जोरात फिरवला. इतकी खूश ती लग्नातही नव्हती. एकोणिसाव्या दिवशी दीड हजार पुरे झाले, मागे ट्रेलर लागला, त्यावर तीन टनांचं लेथ मशीन चढलं.

"झालं तुझं. आण किल्ली," नवरा म्हणाला.

किल्ली गेली की आपण पुन्हा ओट्यापाशी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने घाईघाईने पुस्तिका उघडली. "थांबा! इथे लिहिलंय, ज्याने गाडी रुळवली त्यानेच पुढे ओझं ओढावं."

सासूबाईंनी पुस्तिका हातात घेतली. "अक्षरं मला कळत नाहीत. पण हे चित्र रेडिओचं आहे. आणि ते पंचावन्न किलो वाचलंस ना, तिथे सीटचा पट्टा होता."

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. "मग... मग गाडी चालवू का दिलीत?"

"हे दोघे आठवड्यात इंजिनाची वाट लावतील, हे कळायला मला पुस्तक लागत नाही." पदर खोचून सासूबाई ट्रकमध्ये चढून बसल्या. "चल. चढावर हिसका बसला तर मात्र उद्यापासून हा चालवेल."

चढावर तिने क्लच इतका बेताने सोडला की वर पोचेपर्यंत सासूबाईंच्या मांडीवरची पिशवीसुद्धा हलली नाही. मग त्यांनी फोन काढून थोरल्या लेकाला लावला.

"आम्हाला यायला उशीर होईल," त्या म्हणाल्या. "स्वयंपाक करून ठेवा."