तांदळात लिहिलेलं नाव

बाबांचं तेरावं उरकलं आणि दादाने लगेच समर्थनगरच्या घराला गिऱ्हाईक आणलं. त्याच घराच्या पुढच्या खोलीत माझी बालवाडी भरते.

"बाबांनी मृत्युपत्र केलंय. घर माझं आहे," मी म्हटलं.

दादाने कागद वाचला आणि गालात हसला. "घर माझी मुलगी अनसूया हिला, आणि याची अंमलबजावणीही तिनेच करावी. पण तू तर प्रमोदिनी. ही अनसूया कोण?"

लहानपणी माझी वेणी ओढताना त्याला हे नाव चांगलं पाठ होतं. जागेचे भाव वाढले आणि बिचाऱ्याची स्मरणशक्तीच गेली!

खरं तर घोटाळा बाबांचाच. लग्नात लक्ष्मीपूजनाला ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'प्रमोदिनी' लिहिलं, पेढे वाटले गेले आणि रेशनकार्डापासून बँकेपर्यंत मी प्रमोदिनी झाले. बाबांना मात्र ते नाव कधी पचलंच नाही. शेवटपर्यंत अनसूया म्हणूनच हाक मारली आणि मृत्युपत्रातही तेच लिहून बसले. मला त्यांचा रागही आला आणि रडूही.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," माझे यजमान मधुसूदनराव म्हणाले.

"मग वेडीला चढू द्या."

अदालत रोडवरच्या पहिल्या वकिलांनी कागद न उघडताच केस हमखास जिंकून देतो म्हणून सांगितलं. दुसरे म्हणाले, भावाशी गोड बोला आणि निम्म्यावर मिटवा. तिसरे काकासाहेब, फुलंब्रीहून रोज ये-जा करणारे. त्यांनी कागद सावकाश वाचला आणि मगच तोंड उघडलं.

"ताई, प्रोबेट म्हंजी मृत्युपत्र खरं हाय, यावर कोर्टाचा शिक्का. आपल्याकडं त्याची सक्ती नाय, ती मुंबई-कलकत्त्याकडं. पण भाऊ आडवा आलाय, तवा घेतलेलं बरं. साक्षीदार हयात हायेत, सही सिद्ध करता येईल."

"मग अडलंय कुठे?"

"बाबांनी अंमलबजावणी जिच्यावर सोपवली, प्रोबेट तिलाच मिळतं. म्हंजी अनसूयाबाईला. तुमीच त्या, हे कोण सांगणार?"

"माझा शाळेचा दाखला आहे."

"त्यानं अनसूया नावाची लेक होती, एवढंच कळतं. तिची प्रमोदिनी ज्यानं केली, त्यानंच शपथेवर सांगावं. तरी बी जिंकूच, असं म्या म्हणणार नाय."

त्या शेवटच्या वाक्यावर मी वकीलपत्रावर सही केली.

घरी सांगितल्यावर ह्यांनी पेपरात तोंड खुपसलं. "मेव्हण्याविरुद्ध पिंजऱ्यात उभा राहू? लोक काय म्हणतील?"

"नाव बदललंत तेव्हा लोकांनी पेढे खाल्ले. आता काय म्हणायचं ते म्हणू देत. तुम्ही या, नका येऊ, मी माझी बालवाडी सोडणार नाही."

ह्यांनी पान उलटलं.

तारखेला मी एकटीच गेले. दादा माझ्याकडे न बघता पुढच्या बाकावर बसला होता. ह्यांच्या नावाचा पुकारा झाला आणि काकासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवणार, इतक्यात दारातून इस्त्रीचा शर्ट घातलेले मधुसूदनराव आत आले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"हिचं माहेरचं नाव अनसूया," ते शपथेवर म्हणाले. "प्रमोदिनी मी ठेवलं."

दादाच्या वकिलांनी विचारलं, "एवढं चांगलं नाव होतं, तर बदललंत कशाला? बाईंना पसंत नव्हतं का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही."

दादाने मान खाली घातली.

पुढे निकाल माझ्या बाजूने लागला, बालवाडीही राहिली. पण ते नंतर. त्या दिवशी आम्ही कोर्टाच्या पायऱ्या उतरत होतो. हे एक पायरी पुढे होते. मागे वळून त्यांनी हात पुढे केला.

"अनसूया, जपून. इथली फरशी निघालीय."

बाबा गेल्यावर त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही, असं मी धरून चालले होते.