पंप, व्हॉल्व्ह आणि एकच टेबल

लोकांनी सोडवलं नसतं, तर खिट्टीने त्या सकाळी आपल्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचा, भोंग्याचा, जीवच घेतला असता. गळ्याभोवतीची त्याची बोटं चौघांनी मिळून एकेक करून उलगडली. तोवर भोंग्याचा चेहरा काळानिळा पडला होता, आणि झटापटीत लोखंडी टेबलाची कड लागून खिट्टीची भुवई फुटली होती. रक्त डोळ्यात उतरत होतं, पण ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"घरातली गोष्ट साहेबांना जाऊन सांगता?" तो ओरडत होता. "ताईने विश्वासाने सांगितली होती तुम्हाला!"

"मग खोटं सांगितलं का?" भोंगा खोकत खोकत म्हणाला. "थरथरतात तुझे हात. तापातून उठल्यापासून थरथरतात. चहाचा कप धरवत नाही, आणि म्हणे टेबल पाहिजे!"

चौघांना खिट्टीला पुन्हा धरावं लागलं.

बसगाड्यांच्या त्या वर्कशॉपात हे दोघे एकोणीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसत होते. आधी डिझेलच्या गाड्या होत्या, मग बॅटरीच्या आल्या, पण एक गोष्ट बदलली नाही. गाडीचं यंत्र तापू नये आणि थंडीत प्रवासी गारठू नयेत, म्हणून गाडीच्या पोटात नळ्यांमधून पाणी फिरतं. ते ढकलतो पंप, आणि कुठल्या नळीत जायचं ते ठरवतो व्हॉल्व्ह. पंप भोंग्याकडे, व्हॉल्व्ह खिट्टीकडे. एकाचं नाव त्याच्या आवाजावरून पडलं होतं आणि दुसऱ्याचं त्याच्या बंद तोंडावरून. खरी नावं फक्त हजेरीपटाला ठाऊक.

पंप गाडीच्या शेपटाला असे आणि व्हॉल्व्ह ड्रायव्हरच्या पायाशी, त्यामुळे काम करताना दोघे एकमेकांना दिसत नसत. म्हणून त्यांची एक पद्धत पडली होती. पंप थांबवला की भोंगा ओरडायचा, "बंद!" मग खिट्टी व्हॉल्व्ह फिरवून नळ्यांत कोंडलेलं उकळतं पाणी टाकीत सोडायचा आणि ओरडायचा, "सुटलं!" तो शब्द कानावर पडल्याशिवाय भोंगा नळीला हात लावत नसे. एकोणीस वर्षांत दोघांच्या अंगावर गरम पाण्याचा थेंब उडाला नव्हता. असा भरवशाचा माणूस शोधून सापडणार नाही, म्हणून खिट्टीनेच आपल्या ताईसाठी त्याचं स्थळ सुचवलं होतं.

आणि मग तो डबा आला. वीतभर लांबीचा, काळ्या प्लास्टिकचा, दिसायला अगदी गरीब. नव्या गाड्यांत पंप आणि व्हॉल्व्ह या एकाच डब्यात बसवलेले होते. पंप थांबवायचा, त्याच डब्यावरची कळ फिरवून पाणी सोडायचं, नळी काढायची. सगळं एका माणसाने, एका जागी बसून. साहेबांनी दोघांना बोलावून सांगितलं की यापुढे टेबल एकच राहील. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दोघांनी आळीपाळीने डबा उतरवून परत बसवायचा. ज्याचं काम चोख त्याचं टेबल, आणि दुसऱ्याने धुलाईवर जायचं. पन्नाशीला आलेल्या कारागिराने हातात ब्रश घेऊन गाड्यांची चाकं घासायची, म्हणजे जिवंतपणी मातीत घातल्यासारखंच. म्हणून भोंग्याने आदल्या दिवशी साहेबांच्या कानात ते हातांचं सांगून ठेवलं. हलकटपणा होता तो, पण घाबरलेला माणूस दुसरं काय करणार?

अकराच्या ठोक्याला दोघांना टेबलापाशी उभं केलं. वर्कशॉपातले झाडून सगळे तमाशा बघायला जमले होते. खिट्टीच्या भुवईवर कापसाचा बोळा चिकटवलेला होता. भोंगा वयाने मोठा, म्हणून पहिली पाळी त्याची.

त्याने डबा नळ्यांना जोडला, पाणी नव्वद अंशांपर्यंत तापवलं, पंप चालवून दाखवला. हात सराईत होते त्याचे, कुणालाही मान्य करावं लागलं असतं. खिट्टी त्याच्या पाठीमागे चार पावलांवर उभा राहून ते हात बघत होता आणि त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता.

भोंग्याने पंप थांबवला. आणि एकोणीस वर्षं जे करत आला तेच केलं. मान वर करून खणखणीत आवाजात ओरडला, "बंद!"

"सुटलं!" खिट्टी म्हणाला.

शब्द तोंडातून गेला तेव्हा त्याचे दोन्ही हात खिशात होते. कळ कुणीही फिरवली नव्हती. भोंग्याच्या ते लक्षातही आलं नाही. ती कळ फिरवणं हे आयुष्यात कधी त्याचं काम नव्हतं. त्याने फडकं बाजूला ठेवलं. पक्कड उचलली. तिच्या तोंडाला तेल लागलेलं होतं, ते पँटला पुसलं. मग नळीवर वाकून त्याने क्लिप ओढली.

नळी सुटली ती थेट तोंडावर. वाफेत भोंगा दिसेनासा झाला, फक्त त्याची किंकाळी ऐकू येत राहिली. तो टेबलावर आदळला, खाली पडला, तोंड हातांत धरून गडाबडा लोळू लागला. कुणीतरी धावत जाऊन वीज तोडली. कुणी गार पाण्याची बादली ओतली. त्याच्या गालाची कातडी बोटांना चिकटून आली, ते पाहून एक धडधाकट वेल्डर भिंतीला धरून ओकला. भोंग्याला उचलायला सगळ्यांत आधी पुढे झाला तो खिट्टीच.

दुपारपर्यंत निकाल लागूनही गेला. साहेबांनी अहवालात लिहिलं, "जुन्या सवयीमुळे झालेला अपघात." सगळ्यांनी खिट्टीच्या पाठीवर हात ठेवला. तुझा काय दोष, शब्द निघून गेला, तोंडात बसलेलाच होता तो. साहेब हळूच म्हणाले, "उद्यापासून टेबल तू सांभाळ. आता दुसरं आहे कोण?"

हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात ताई बाकावर बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"उजवा डोळा वाचेल म्हणतात," ती म्हणाली. "डाव्याचं सांगता येत नाही." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "सगळे म्हणतात सवयीने झालं. तू सांग."

खिट्टीला 'हो' म्हणता आलं असतं. अहवाल तसा होता, साक्षीदार तसे होते, सगळं जग त्याच्या बाजूने उभं होतं. पण ही ताई होती. आईच्या माघारी हिने त्याला वाढवलं होतं, आणि हिच्याशी खोटं बोलताना त्याची जीभ लहानपणापासून अडखळायची.

"शब्द सवयीने गेला," तो म्हणाला.

"मग झालं तर."

"नाही झालं. त्यांनी पक्कड पुसली, ताई. पँटला पुसली, दोन्ही बाजूंनी. 'थांबा' म्हणायला तेवढा वेळ पुरे होता. माझ्या डोक्यात आलं होतं ते. आणि मी गप्प राहिलो."

ताई उठली आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग पायातली चप्पल काढून ती त्याला झोडपत सुटली. डोक्यावर, खांद्यावर, तोंडावर, लागेल तिथे. भुवईची जखम पुन्हा उघडली. खिट्टीने हात वर केले नाहीत. "माझा संसार!" एवढंच ती म्हणत होती, प्रत्येक फटक्याला, "माझा संसार आंधळा केलास!" दोन नर्स धावत आल्या, "अहो, हॉस्पिटल आहे हे!" म्हणत त्यांनी तिला मागे ओढलं. केस सुटलेली, धापा टाकणारी ती बाई बाकावर कोसळली.

आतून भोंग्याचा आवाज आला, पार बसलेला. तो बायकोला हाक मारत होता.

"बाथरूमला जायचंय त्यांना," ताई चप्पल पायात सरकवत म्हणाली. त्याच्याकडे न बघता. "माझ्या एकटीच्याने उचलत नाहीत. चल."

दोघे आत गेले. भोंग्याचं डोकं पट्ट्यांनी गुंडाळलेलं होतं, ओठांपुरती फट तेवढी उघडी होती. खिट्टीने पाठीखाली हात घालून त्याला बसतं केलं.

"कोण आहे?" भोंग्याने विचारलं.

ताईने पाठ फिरवली.

"मी," खिट्टी म्हणाला.

भोंग्याचं अंग लाकडासारखं ताठ झालं. त्याने हात हिसडून सोडवून घेतला, आणि स्वतःच्या बळावर उठायला गेला. तोल गेला. दोनदा हवेत चाचपडून त्याचा हात शेवटी खिट्टीच्या खांद्यावर पडला, आणि त्या बोटांनी खांदा असा करकचून धरला की खिट्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते तसंच वाहू दिलं. बघणारं कुणी नव्हतं. ताईने तोंड भिंतीकडे केलं होतं.

तसेच एकेक पाऊल टाकत ते बाथरूमच्या दारापर्यंत आले.

"उंबरा आहे, भावोजी," खिट्टी म्हणाला. "पाय उचला."