कॅसेटीपुरतं लगीन

ब्याण्णव सालची गोष्ट. शेवंती नाखवा तिशीला टेकली तरी बिनलग्नाची, आणि त्याचं दुःख तिच्यापेक्षा चेंदणी कोळीवाड्यालाच जास्त. ती दिवसभर वागळे इस्टेटच्या कारखान्यात सर्किटांना सोल्डर मारायची आणि संध्याकाळी जाळ्यांच्या खोलीत कीबोर्ड घेऊन बसायची. भिंतीभर जाळी टांगलेली, त्यामुळे आवाज घुमत नसे. वास यायचा, पण वास काही टेपवर उतरत नाही. गाणी तिची, चाली तिच्या, गळा तिचा; ठेका यंत्राचा, आणि यंत्राची मालकीणही तीच.

अशी सात गाणी झाली. नौपाड्यातला कॅसेटवाला पोपटशेठ म्हणाला, पोरी, भन्नाट आहे, पण आपल्या गिऱ्हाइकाला हळदीचं काहीतरी लागतं. आठवं गाणं म्हणून जनाबाईचा धवला टाक, तर कॅसेट काढतो. नाहीतर राम राम.

जनाबाई म्हणजे शेवंतीची आत्या, धवलारीण. लग्नाचे धवले गावेत तर तिनेच. ठाण्यापासून दिव्यापर्यंत तिच्याशिवाय मांडवात हळद लागत नसे. ती साफ नाही म्हणाली. नवरी नाही, हळद नाही, आणि यंत्रापुढे गळा काढायचा? देव कोपेल. वर टोमणा मारलाच, की तुझ्या लग्नात फुकट गाईन, पण तोवर मी जगले पाहिजे ना.

शेवंतीचं डोकं फिरलं. तीन वर्षांची मेहनत या म्हातारीच्या हट्टापायी पाण्यात? रविवारी सकाळी तिने वाटीभर हळद कालवली, गालांना फासली, कीबोर्डला मुंडावळ्या बांधल्या आणि आत्याला ओढत आणून पाटावर बसवलं.

"हा नवरा. आता गा."

जनाबाईने कपाळावर हात मारला. मग नवऱ्याचं कूळ विचारलं. जपानी, शेवंती म्हणाली. म्हणजे दर्यापलीकडून आलाय, आपल्यातलाच, असं ठरवून म्हातारीने गळा खाकरला. रेकॉर्डर सुरू झाला. शेवंती ओठ दाबून हसू आवरत होती. पण धवल्यात नवरीच्या आईबापाची नावं गुंफतात. आत्याने तिच्या मेलेल्या आईचं नाव घेतलं, पोर उंबऱ्याबाहेर चालली असं गायली, आणि शेवंतीला रडूच फुटलं. ठेका द्यायचा राहूनच गेला.

धवला संपला. पोपटशेठचं काम झालं होतं. शेवंती डोळे पुसून मुंडावळ्या सोडायला गेली, तर जनाबाईने तिचा हात धरला.

"मी धवला गायलेलं लगीन मोडाचं नाय गो," ती म्हणाली. "आता याच्याशीच नीट संसार कर. वाड्यात कोणी लगनाचं इचारलं, तर माझं नाव सांग."