नेझाच्या पेटीखालचा काटा

टक्! पहाटेच्या शांततेत माझी दांडी खाली आपटली आणि नेझाने कपाळाला हात लावला. "पुन्हा अर्धा किलो कमी!"

मित्रांनो, मी मधमाश्यांच्या पेटीखालचा जुना वजनकाटा आहे. नेझाचे वडील लोव्हरेन्त्स रोज मला पुसत, म्हणत, "हा खोटं बोलत नाही." मी फुगून जायचो. मार्चमध्ये ते गेले. मग मला कुणी तेल घातलं नाही, मी गंजलो.

त्यांची ही एकच पेटी उरली होती. रविवारपर्यंत वजन सावरलं नाही, तर शेजारचा येर्नेय माश्या आपल्या पेटीत मिसळून घेणार होता.

"परक्या माश्या मध लुटतायत," तो म्हणाला. "पेटीचं दार लहान कर, म्हणजे आपल्या माश्यांना राखता येईल."

"लुटतायत कसल्या!" पोलोनाआत्या उसळली. "धनी गेला हे माश्यांना कुणी सांगितलंच नाही. रुसून चालल्यात त्या."

"आत्या, माश्या रुसतात होय?"

"लहानपणी तू नव्हतीस रुसत? जेवायलासुद्धा यायची नाहीस!"

माझा जीव खालीवर होत होता. पेटी पावसात भिजली की माझा आकडा चढे. मूरी मांजर झाकणावर झोपली की आणखी चढे. आणि मी स्वतःच चुकत असेन तर?

नेझाने मांजर घरात कोंडली, झाकण कोरडं केलं. मग त्यावर पाच किलो पीठ ठेवलं. माझा आकडा पावणेपाचनेच चढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं! तिने मला तेल दिलं, पण रोजची घट काही थांबेना.

शुक्रवारी तिने दार लहान केलं. त्याआधीच, कुणाला न सांगता, आत्या पेटीवर तीनदा टकटक करून गेली होती. "लोव्हरेन्त्स गेला गं बायांनो. आता नेझा तुमची." आणि त्याच दुपारी अंगणातलं लिंडनचं झाड मधाळ फुलांनी डवरलं.

रविवारी येर्नेय माश्या न्यायला रिकामी पेटी घेऊन आला. माझा आकडा दोन किलोंनी चढला होता.

"बघ, दार!" तो म्हणाला.

"दार नव्हे, निरोप!" आत्या म्हणाली.

मित्रांनो, आम्हा काट्यांना पुसत जा, तेल देत जा. आम्ही किती ते सांगू, का ते आम्हालाही ठाऊक नसतं.

नेझा डोळे पुसत हसली. तेवढ्यात तिच्या छोट्या लेकीने, ब्रीनाने, तिचा ओला हात ओढला. "आई, आत्याआजीनं सांगितलं नसतं, तर माश्या गेल्या असत्या?"