बोटं स्पष्ट दिसली पाहिजेत

शिशिरने पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला, तोच व्हिडिओ पुन्हा उघडला आणि खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसला. पडद्यावरही तोच होता. निळा शर्ट घालून, दोन्ही हातांनी त्रिकोणाचं क्षेत्रफळ शिकवणारा.

"क्या देख रहा है, दीदी?" शालिग्रामने विचारलं. जयस्तंभ चौकाजवळचं हे जुन्या-नव्या कॉम्प्युटरचं दुकान त्याचं. प्रश्न शिशिरबद्दल होता, पण विचारला त्याच्या आईला, इंदूला. तिला असे प्रश्न झेलायची सवय होती.

"उंगलियां," ती म्हणाली. "व्हिडिओ छोटा करो तो धुंधली हो जाती हैं. इन बच्चों की तो वही बोली है, भैया. एक उंगली इधर-उधर हुई, तो सवाल ही बदल जाता है."

शिशिरला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्याच्यासारख्याच मुलांसाठी तो खुणांच्या भाषेत गणित शिकवायचा. कांकेर, जशपूरकडल्या खेड्यांतल्या मुलांच्या मोबाइलला नेटवर्क जेमतेम, म्हणून प्रत्येक धडा आक्रसून लहान करून पाठवावा लागे, आणि तेवढ्या कामात घरचा लॅपटॉप तापून मध्येच बंद पडायचा. आता एका संस्थेने दहावीचं सगळं गणित त्याच्यावर सोपवलं होतं. हे त्याचं पहिलं स्वतःचं काम. मशीन धड मिळालं नाही तर ते हातचं जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

टेबलावरचा थोराड काळा कॉम्प्युटर एका आर्किटेक्टच्या बंद झालेल्या ऑफिसातून आलेला. शेजारचा नवा, अंगाने लहान, कंपनीच्या वॉरंटीचा. धडा लहान करून दोघांनीही स्वच्छ दिला, बोट न् बोट दिसत होतं. पण जुन्याने काम झपाट्याने उरकलं. नव्याला त्याच्या दुप्पट वेळ लागला. शिशिर जुन्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

इंदूने त्याच्या खांद्याला हात लावला. हातांनी बोलताना तोंडानेही बोलायची तिची सवय होती.

"नवाच घे. जुना बिघडला तं कोण पाहीन?"

"मी," शिशिरने छातीवर बोट ठेवलं.

"अन् दुकानात येऊन बोलन कोण?"

गेल्या वर्षी तिचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून तिचं प्रत्येक बोलणं फिरून याच प्रश्नापाशी येई. शिशिरने मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि ते तिला न दाखवता शालिग्रामपुढे धरलं. शालिग्रामने वाचलं आणि सवयीने इंदूकडे पाहिलं. शिशिरने काउंटरवर बोटांनी हलकेच टकटक केलं. शालिग्राम ओशाळून हसला, मोबाइल घेतला आणि त्यावर उत्तर लिहू लागला.

"मले दाखव, काय म्हणून राहिला," इंदूने हात पुढे केला.

"आई, तू चहा पिऊन ये," शिशिर हातांनी म्हणाला.

समोरच्या टपरीवर ती बाकावर टेकली. काचेतून दुकान दिसत होतं. शाळेचा दाखला, बँक, डॉक्टर, सगळीकडे ती त्याच्या आणि जगाच्या मध्ये उभी राहिली होती, आणि आज तिला बाहेर पाठवण्यात आलं होतं. आधी तिला राग आला. आता हाक मारतील, मग हाक मारतील, म्हणून ती दाराकडे पाहत राहिली. आत दोघं एकाच मोबाइलवर वाकले होते. शालिग्रामने एका मशीनची बाजू उघडली, शिशिरने आत डोकावून मान हलवली, मग दोघंही कशावर तरी हसले.

चहा संपला तरी कुणी हाक मारली नाही. पदराने कपाळ पुसताना तिला जाणवलं, की आपण किती तरी वेळात दाराकडे पाहिलेलंच नाही.

ती परतली तेव्हा शालिग्राम खोक्याला चिकटपट्टी लावत होता. खोकं नव्या कॉम्प्युटरचं होतं.

"इसको तो पुराना पसंद था ना?" तिने विचारलं.

"हव दीदी, वही ले रहा था. फिर लिखा, दोनों को बारी-बारी से चलाओ और बताओ, किसकी आवाज ज्यादा है. मैंने लिखा, पुराना तो कूलर जैसा चलता है. नए वाले का पता ही नहीं चलता."

"आवाज? उसको आवाज से क्या करना है?"

"मैंने भी यही पूछा." शालिग्रामने शिशिरचा मोबाइल तिच्यापुढे सरकवला.

'काम रात भर चलेगा. मां उसी कमरे में सोती हैं. उनकी नींद टूटनी नहीं चाहिए.'

इंदूने ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. आवाज म्हणजे काय हे कळणारी त्या घरात ती एकटीच होती, आणि त्याबद्दल तिने कधी तक्रार केल्याचं तिला आठवत नव्हतं. शिशिरने भुवया उंचावून विचारलं, काय झालं? तिने मान हलवली. काही नाही. मग पदराला पुसून तिने मोबाइल त्याच्या हातात दिला.

ऑटोत शिशिरने खोकं मांडीवर घेतलं. इंदू त्याच्याशेजारी बसली. वाऱ्याने डोळे मिटत होते. स्टेशनाजवळच्या गर्दीत ऑटो थांबला, तेवढं तिला कळलं.

जाग आली तेव्हा तिचं डोकं शिशिरच्या खांद्यावर होतं आणि ऑटो गुढियारीत, तिच्याच घराच्या फाटकासमोर उभा होता. इंजिन बंद होतं. ती दचकून सावरून बसली.

"कब से खड़े हो? उठाया क्यों नहीं?"

"थोड़ी देर हुई, माताजी," ऑटोवाला म्हणाला. "भैया इशारे से बोले, सोने दो."